खऱ्याला काठी, खोट्याला फाशी

कॉलेजात असताना आमच्या गॅदरिंगला मोलिएर बसवला होता. मोलिएर म्हणजे फ्रान्सचा सतराव्या शतकातला नाटककार. नाटक 'लाव्हार', म्हणजे कंजूष. ह्याच नाटकावरून आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक' केलं. आमच्या सरांनी मात्र इंग्रजीवरून चार प्रवेश स्वतःच मराठीत केले होते. कामं वाटायला बसले तेव्हा बाप, पोरगा, पोरगी, कारभारी अशी नावं भराभर पडली. प्रत्येकाला उभं करून वाचून घेतलं. शेवटी आचारी राहिला. सरांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हे तुला जमेल." मला वाचायला लावलं नाही. का लावलं नाही ते मलाही कळलं, वर्गालाही कळलं.

मी काम केलं. त्यात मालक आचाऱ्याला काठीनं बडवतो. काठी पुठ्ठ्याची होती, पण हॉलमधला हशा अस्सल होता. सबंध नाटकात सगळ्यांत मोठा हशा मला मार बसताना झाला. पुढच्या रांगेतले पाहुणे रुमालानं डोळे पुसत होते. दाराशी उभा असलेला कॉलेजचा शिपाई तेवढा हसत नव्हता. नंतर भाषण झालं. कंजूषपणा हा मानवी स्वभावाचा अमर नमुना आहे, मोलिएरनं तो पकडला, म्हणून तो विश्वाचा नाटककार, असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. मी तोंडाचा रंग पुसत विंगेत उभा होतो.

तेव्हा बोललो नाही. आता बोलतो. पुढं सबंध नाटक वाचलं, मग मोलिएरची आणखी चार वाचली, मग त्याच्या मागून आलेल्यांची वाचली. माझं मत असं की हे नाटक स्वभावाचं नाहीच. घरातली सगळी सत्ता आणि सगळा पैसा एकाच माणसाच्या मुठीत ठेवला की बाप-लेकाचं काय होतं आणि त्या घरातल्या गड्याचं काय होतं, ह्याचं हे नाटक आहे. 'स्वभाव' म्हटलं की सुटका होते. स्वभावाला औषध नाही, म्हणून हसायचं आणि घरी जायचं.

नाटक ९ सप्टेंबर १६६८ रोजी पॅरिसला पाले-रॉयाल थिएटरात पहिल्यांदा झालं. बापाचं, आर्पागाँचं काम मोलिएरनं स्वतः केलं. मूळ कल्पना जुनी, प्लाउटस नावाच्या रोमन नाटककाराची. पण प्लाउटसचा म्हातारा मुळात गरीब, त्याला सोन्याचं मडकं सापडतं आणि त्याची झोप जाते. मोलिएरनं म्हाताऱ्याला पैसेवाला केलं, व्याजबट्ट्याच्या धंद्यात घातलं, वर दोन वाढलेली पोरं दिली. दहा हजार एक्यू पेटीत घालून त्यानं ते बागेत पुरलेत. घरात बायको नाही, मेली आहे. तिच्याबद्दल नाटकात बोललं जातं ते एवढंच की तिच्या वाटणीची मालमत्ता पोराकडून कुणाला काढून घेता येणार नाही. आई गेली आणि तिची मालमत्ता तेवढी बोलण्यात उरली.

पोराचं नाव क्लेआंत. अंगावर उंची कपडे, खिशात दमडी नाही. मारियान नावाच्या गरीब पोरीवर त्याचा जीव आहे, आणि नेमकी तीच पोरगी म्हाताऱ्यालाही बायको म्हणून हवी आहे. पोरगा दलालामार्फत पंधरा हजारांचं कर्ज काढायला जातो. सावकाराचं नाव गुप्त. अटी मात्र ऐका. मनाला बोचणी नको म्हणून सावकार व्याज नुसतं अठरास एक, म्हणजे शेकडा साडेपाच घेणार. वा! पण त्याच्याकडं रोख नाही, त्याला ती दुसऱ्याकडून शेकडा वीसनं उचलावी लागते, तेव्हा तेही व्याज घेणाऱ्यानंच भरायचं. झाले शेकडा पंचवीसच्या वर. आणि हे कधी? १६६५ साली फ्रान्सच्या राजानं व्याजाचा दर विसास एक, म्हणजे शेकडा पाचावर आणला, त्याच्या तीनच वर्षांनंतर. बरं, पंधरातले रोख बाराच हजार. उरलेल्या तीन हजारांचा माल: जुना पलंग, जुने पडदे, जुन्या बंदुका, विटांची भट्टी, आणि गवत भरलेलं एक सरड्याचं कातडं, माडीच्या छताला टांगायला!

ही यादी वाचताना मला हसू आलं नाही. आमचा आजोबा सालगडी होता. सालाच्या हिशेबात त्याला धनी कधी कीड लागलेली जवारी लावायचा, कधी उसवलेलं जू, कधी नको असलेलं म्हातारं जनावर, आणि नव्याची किंमत वहीत मांडायचा. सरड्याचं कातडं तेवढं दिलं नाही.

पुढं दलाल कर्जदाराला आणि सावकाराला समोरासमोर आणतो. कर्जदाराची शिफारस करताना तो सावकाराला आधीच सांगून ठेवतो की पोरगा चांगल्या घरचा आहे, बाप आठ महिन्यांत मरेल अशी हमी द्यायलासुद्धा तयार आहे. सावकार खूश होतो. माणसाच्या उपयोगी पडणं हा धर्मच आहे, असं म्हणतो. आणि पडदा बाजूला होतो तर सावकार म्हणजे बाप आणि कर्जदार म्हणजे पोरगा! बापानं स्वतःच्याच मरणावर व्याज लावलं होतं. दोघं एकमेकांना लाज नाही का म्हणून विचारतात. दोघांचंही खरं आहे.

आता सांगा, हा स्वभाव आहे का? फ्रान्सात १५५६ सालचा राजाचा हुकूम होता. तीस वर्षांच्या आतल्या पोरानं आणि पंचवीसच्या आतल्या पोरीनं आईबापाच्या मर्जीवाचून लग्न केलं तर त्यांना वारशातून तोडता येत होतं. म्हणजे कायदा बापाच्या खिशात, पैसाही बापाच्याच खिशात. अशा घरात पोरानं बापाच्या मरणाची वाट बघितली तर त्याला कुपुत्र म्हणायचं की ही त्या घराची रीतच म्हणायची? बाप कंजूष नसता, चांगला दानशूर असता, तरी पोराला हात पसरावाच लागला असता. आर्पागाँनं एवढंच केलं की जे झाकलेलं होतं ते नागडं करून दाखवलं.

पोरगी एलीज. तिला बाप पन्नाशीच्या आसपासच्या एका श्रीमंत गृहस्थाला द्यायला निघतो. कुणी काही म्हटलं की म्हाताऱ्याचं एकच उत्तर, हुंड्यावाचून! वय जमत नाही, तर हुंड्यावाचून. पोरीचं मन नाही, तर हुंड्यावाचून. आपल्याकडं हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ साली झाला, त्यामुळं बिनहुंड्याचं लग्न म्हटलं की आपल्याला सुधारणा आठवते. इथं तोच शब्द पोरीच्या गळ्यातली दोरी होतो. हुंडा घेणं वाईट, पण पोरीच्या बदल्यात पैसे वाचवणंही तोच बाजार. बाजारात दोन्हीकडून तोललं जातं. पोरीला विचारत कुणी नाही.

मोलिएरला हे पुस्तकातून समजलं नव्हतं. त्याचा बाप पॅरिसातला मोठा गाद्या-पडदेवाला, राजाच्या घरचं मानाचं काम त्याच्याकडं. पोरानं १६४३ साली तो हक्क सोडला आणि नटांच्या टोळीत गेला. १६४५ साली कर्जापायी तुरुंगात बसला. आणि 'लाव्हार' रंगभूमीवर आलं त्याच १६६८ साली ह्याच पोरानं बापाला दहा हजार लिव्र कर्जाऊ दिले, तेही स्वतःच्या नावानं नव्हे, एका मित्राला पुढं करून. नाटकात बाप पोराचा गुप्त सावकार, आणि खऱ्या आयुष्यात पोरगा बापाचा. त्यानं प्रेमापोटी दिले, की बापाला लाज वाटू नये म्हणून लपून दिले, ते त्याचं त्याला ठाऊक. पण बाप-लेकाच्या मध्ये पैसा आला की नाव लपवावं लागतं, हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं.

इथवर बरेच टीकाकार येतात. नोकरांपाशी आले की 'विनोदी पात्रं' म्हणून पुढं सटकतात. मी तिथंच थांबणार. मला तिथंच उभं केलं होतं.

म्हातारा जेवण देतो तो प्रवेश घ्या. आठजणांचं अन्न दहाजणांना पुरतं असा त्याचा हिशेब. पाहुण्यानं दोन-तीनदा मागितल्याशिवाय दारू ओतायची नाही, आणि पाणी भरपूर घालायचं. दोन चाकर आहेत. एकाच्या अंगरख्यावर पुढून तेलाचा मोठा डाग, दुसऱ्याची विजार मागून फाटलेली. नवे कपडे द्यायचे सोडून मालक त्यांना शिकवतो की तू टोपी कायम छातीपुढं धर आणि तू पाठ कायम भिंतीला लावून उभा राहा. प्रेक्षक हसतात. मला दिसतो तो भिंतीला पाठ लावून उभा असलेला माणूस. मालकाच्या गरिबीची नव्हे, मालकाच्या कंजूषपणाची लाज नोकरानं स्वतःच्या अंगानं झाकायची!

ला फ्लेश हा पोराचा नोकर. म्हाताऱ्याला संशय येतो, तो त्याची झडती घेतो. हात दाखव. दाखवले. आणखी दाखव! दोन हात बघून झाले तरी त्याला अजून हात हवे असतात. कामाला लावताना एका माणसाचे चार हात धरायचे, मजुरी देताना दोन, आणि पेटी हलली की त्याचा तिसरा हातही दिसायला लागतो.

आणि मेत्र जाक, माझं काम. हा माणूस घरचा आचारीही आहे आणि गाडीवानही. मालकानं हाक मारली की विचारतो, आचाऱ्याशी बोलायचंय की गाडीवानाशी? मग त्याप्रमाणं अंगरखा बदलतो. पगार एकाचा, कामं दोघांची. घोडे उपाशी मरतायत, उभं राहवत नाही, घोड्यांची नुसती भुतं झालीत. हा स्वतःच्या तोंडातला घास काढून त्यांना घालतो. तो मालकाला सांगतो की घोड्यांच्या खालोखाल माझा जीव तुमच्यावरच आहे. मालक विचारतो, लोक माझ्याबद्दल काय बोलतात? तो म्हणतो, राग येईल. मालक म्हणतो, मुळीच नाही, आनंदच होईल. मग हा भोळा माणूस सांगतो. लोक म्हणतात तुम्ही वेगळं पंचांग छापून घेता आणि त्यात उपास दुप्पट घालता. सणाला नोकरांना काही द्यावं लागू नये म्हणून आधीच भांडण काढता. शेजाऱ्याच्या मांजरानं उरलेलं मटण खाल्लं म्हणून तुम्ही मांजरावर फिर्याद केली. रात्री स्वतःच्याच घोड्यांचा चंदी-दाणा चोरताना सापडलात आणि अंधारात गाडीवानाचा मार खाल्लात.

झालं. काठी पडते. मग कारभारी वालेर त्याला हसतो, दम देतो आणि तोही काठी चालवतो. त्या दिवशी मेत्र जाक ठरवतो की खरं बोलण्याचा धंदा वाईट, सोडून दिला.

पुढं पेटी चोरीला जाते. म्हातारा वेडा होतो, चोर म्हणून स्वतःचाच दंड पकडतो, सगळं शहर आणि शहराबाहेरची वस्ती पकडा म्हणतो. मेत्र जाकला विचारतात. त्याला कारभाऱ्याचा सूड घ्यायचा आहे, तो वालेरचं नाव घेतो. पेटी कशी होती? पेटीसारखी पेटी. मोठी का? मोठी. छोटी होती रे! हां, तशी छोटीच. रंग लाल का? छे, करडा. हां, करडाच, लालसर करडा. म्हाताऱ्याला लगेच खात्री पटते, हीच पेटी! बघा, साक्ष कशी तयार होते. विचारणाराच उत्तर पुरवतो, गरीब मान हलवतो. चौकीवर जबानी लिहून घेताना ज्यांनी बघितलंय त्यांना हा प्रवेश समजावून सांगायला नको.

शेवटी सगळं उघडं पडतं. कोतवाली अंमलदार केलेल्या लिखापढीची फी मागतो. आर्पागाँ मेत्र जाककडं बोट दाखवतो. फीच्या बदल्यात हा माणूस घ्या, फासावर द्या! पैशाऐवजी माणूस. तेव्हा तो आचारी विचारतो, मग मी करावं तरी काय? खरं बोललो तर काठी, खोटं बोललो तर फाशी. माझ्या मते सबंध नाटकातलं सगळ्यांत खरं बोलणं हे आहे. आमच्या चार प्रवेशांत ते घेतलंच नव्हतं. मार घेतला, प्रश्न गाळला.

आता हे मोलिएरनं का लिहिलं ते बघा. त्याचं 'तार्त्युफ' १६६४ साली बंद पाडलं गेलं होतं. धर्माचा बुरखा घातलेला एक लबाड घरात शिरतो, आंधळा बाप पोराला हाकलून सगळं घर त्याच्या नावावर करून देतो, असं ते नाटक. एका पाद्र्यानं त्याच साली छापून मागणी केली की ह्या लेखकाला जाळा. १६६७ साली नाव बदलून केलं, पुन्हा बंदी. खुली परवानगी मिळाली ती फेब्रुवारी १६६९ ला. म्हणजे 'लाव्हार' बंदीच्या काळातलं. खरं बोलून काठी खाल्लेल्या माणसानं आचाऱ्याच्या तोंडी ते घातलं. १७ फेब्रुवारी १६७३ ला 'ल मालाद इमाजिनेर'चा चौथा प्रयोग करून मोलिएर घरी गेला आणि मेला. नट म्हणून धर्मानं त्याला माती नाकारली. राजाकडं रदबदली झाली तेव्हा कुठं रात्री, गाजावाजा न करता पुरायची परवानगी मिळाली. जिवंतपणी टाळ्या आणि मेल्यावर गावाबाहेर, हे गणित आपल्याला नवीन नाही.

तरीही मी मोलिएरला सोडत नाही. शेवट बघा. आन्सेल्म नावाचा श्रीमंत माणूस येतो. कारभारी वालेर आणि ती गरीब मारियान ही त्याचीच बोटीच्या अपघातात हरवलेली पोरं निघतात, नेपल्सच्या थोर घराण्यातली! चोरीचा आरोप असलेला कारभारी एका क्षणात जावई होतो. का? जन्म बरा निघाला म्हणून. दोन्ही लग्नांचा खर्च आन्सेल्म देतो. म्हाताऱ्याला लग्नासाठी नवा पोशाखही त्याच्याकडूनच हवा. अंमलदाराची फी आन्सेल्म भरतो, म्हणून मेत्र जाक वाचतो. म्हातारा पेटी बघायला जातो. सगळे खूश. पण भिंतीला पाठ लावून उभा असलेल्याला विजार मिळाली का? घोड्यांना चंदी? ते कुणी विचारत नाही. वालेरनं खुशामत केली, तो उच्च कुळातला निघाला. जाकनं खरं सांगितलं, पण त्याचा बाप कुठल्या बोटीवरून येणार नाही. आचारी तो आचारीच.

मोलिएरच्या मागून आलेल्यांनी नोकराला पुढं आणलं, हे खरं. रन्यारचं 'ल लेगातेर युनिव्हर्सेल' १७०८ चं. त्यात काकाच्या इस्टेटीवर पुतण्या टपलेला. म्हातारा निपचित पडतो, तेव्हा क्रिस्पँ नावाचा नोकर त्याचे कपडे घालून बसतो आणि नोटरीला खोटं मृत्युपत्र सांगतो. पुतण्याला वारस करता करता स्वतःलाही सालाना नेमणूक लावून घेतो! पुतण्या जळतो, पण बोलणार कसा? लसाजचं 'त्युर्कारे' १७०९ चं. कराच्या धंद्यात गब्बर झालेला त्युर्कारे स्वतः एके काळचा चाकर. तो बुडतो आणि त्याला लुटलेला फ्राँतँ हा नोकर जाहीर करतो की त्याचं राज्य संपलं, आता माझं सुरू.

आपली पोरं इथं टाळ्या पिटतात. नोकरानं मालकाला टोपी घातली, भले शाब्बास! मलाही आधी गंमत वाटली. पण विचार करा. क्रिस्पँ मालकाच्या खुर्चीत बसला, खुर्ची तशीच राहिली. फ्राँतँच्या दारात उद्या कुणाची तरी विजार फाटलेली असणारच. खुर्चीवरचा माणूस बदलला, इतकंच. बोमार्शेचा फिगारो थोडा पुढं जातो. १७८४ साली, राजानं अडवलेलं ते नाटक शेवटी झालं तेव्हा, हा नोकर सरदाराला उद्देशून विचारतो की तू जन्माला येण्यापलीकडं केलंस काय? हा प्रश्न पैशाच्या मागं जाऊन जन्माला भिडतो. मोलिएरनं शेवट करताना जन्माचाच आधार घेतला होता. तो आधारच इथं हलवला. पाच वर्षांनी पॅरिस पेटलं. नाटकानं क्रांती होत नाही हे मलाही कळतं, पण प्रश्न हवेत होता आणि रंगमंचावरून विचारला गेला.

'लाव्हार' पुन्हा पुन्हा होईल. कॉलेजात होईल, स्पर्धांत होईल. जे करतील त्यांना माझं एवढंच सांगणं की आचाऱ्याचं काम वाचून घेऊन द्या, चेहरा बघून देऊ नका. आणि शेवटचा त्याचा प्रश्न गाळू नका. तो विचारून झाला की नटानं एक क्षण गप्प उभं राहावं आणि पुढच्या रांगेकडं बघावं. हसतात का ते बघावं.

मग दाराशी कोण उभा आहे तिकडं बघावं.